वाघ-शेळ्यांचा पट

आटपाडीच्या परिसरातील वृद्ध माणसे बालपणाच्या गोष्टी सांगू लागली, की दुष्काळ, यात्रा आणि शाळेतील छडी यांच्या जोडीला वाघ-शेळ्यांच्या पटाची आठवण निघते. ती निघाली, की सुरकुतलेले चेहरे उजळतात आणि बोटे नकळत जमिनीवर रेघा ओढू लागतात.

सह्याद्रीने पाऊस अडवावा आणि माणदेशाने आभाळाकडे पाहत राहावे, असा येथील निसर्गाचा शिरस्ता आहे. माणगंगेच्या पात्रात पाण्यापेक्षा वाळूच अधिक दिसे. अशा मुलखात शेतीपेक्षा शेळ्यामेंढ्यांचा भरवसा मोठा. आटपाडीला कार्तिकात उत्तरेश्वराची यात्रा भरते, तीही शेळ्यामेंढ्यांच्या बाजारासाठी प्रसिद्ध आहे. याच तालुक्यातील माडगूळ्याचे व्यंकटेश माडगूळकर यांनी १९५५ साली पुस्तकरूपाने आलेल्या ‘बनगरवाडी’ या कादंबरीत मेंढपाळांचे हे जीवन मराठी वाचकांपुढे उभे केले.

मेंढरांमागे हिंडणाऱ्या पोरांना दुपारी थोडी उसंत मिळे. ऊन तापले, की मेंढरे माना खाली घालून एकमेकींच्या सावलीत उभी राहत. मग पोरे एखादा सपाट दगड शोधीत आणि कोळशाने त्यावर पट आखीत. पटाचे प्रकार गावोगावी निराळे असत. एका प्रकारात डोंगरासारखा त्रिकोण काढून शिखरापासून खाली रेघा सोडतात व आडव्या रेघांनी त्यांना छेदतात. रेघा जेथे मिळतात, ती घरे. खापरीचे ३ तुकडे म्हणजे वाघ आणि १५ चिंचोके म्हणजे शेळ्या. वाघ शेजारच्या शेळीवरून उडी मारून पलीकडच्या रिकाम्या घरात गेला, की ती शेळी मेली. शेळीला मात्र कोणालाही मारता येत नाही. सर्व वाघांच्या वाटा अडवून त्यांना जागच्या जागी कोंडणे, हाच तिचा विजय.

खेळ सुरू झाला, की खापरी ही खापरी राहत नसे. वाघाची बाजू घेतलेला मुलगा डोळे वटारी, नाकपुड्या फुगवी आणि प्रत्येक उडीला गुरगुरे. समोरचा मुलगा आपल्या घरच्या शेळ्यांची नावे चिंचोक्यांना देई. ही बांडी, ही मोरी, ही चांदी! चांदी पटावरून उचलली गेली, की त्याचा घसा खरोखरच दाटून येई. माणदेशाच्या उघड्या माळावर त्या पोरांना वाघ कधी दिसला नव्हता. वाघाचे रान दूर, याच जिल्ह्याच्या पश्चिम टोकाला, चांदोलीच्या बाजूला. तेथे २०१० साली सह्याद्री व्याघ्र प्रकल्प स्थापन झाला. न पाहिलेला वाघ पोरांनी मनानेच घडविला होता. लांडगा मात्र त्यांच्या ओळखीचा होता. रात्री वाड्यावर येऊन त्याने कोकरू उचलले, की सकाळी घरात कोणी धड बोलत नसे. माळावर त्या पोरांना लांडग्यापुढे हरावे लागे. पटावर मात्र वाघालाही कोंडता येई.

पण ते सोपे नव्हते. एकटी पुढे गेलेली शेळी हमखास मरे. जिच्या मागच्या घरात दुसरी शेळी उभी असे, तिच्यावरून वाघाला उडी घेता येत नसे. ही गोष्ट मोठ्यांनी सांगून पोरांना पटली नसती. चार शेळ्या गमावल्यावर ती आपोआप पटे. कधी कधी सारा कळप वाचविण्यासाठी एक शेळी वाघाच्या तोंडी द्यावी लागे. चिंचोक्याला ज्याने नाव दिलेले असे, त्याचा हात तेथे अडखळे. डाव संपला, की बाजू बदलत. मघाशी गुरगुरणारा आता कळप राखू लागे आणि राखणदाराला वाघाची भूक कळे.

या आठवणींत एक सलही आहे. अनेक जुन्या मंदिरांच्या फरशीवर असे पट कोरलेले आढळतात. परंतु अस्पृश्यतेच्या काळात त्या थंडगार फरशीवर बसण्याचा अधिकार सर्व मुलांना नव्हता. ज्यांना मज्जाव होता, त्यांना पट धुळीतच आखावा लागे. २६ जानेवारी १९५० पासून अमलात आलेल्या राज्यघटनेने अस्पृश्यता नष्ट केली. ती मनातून जाण्यास मात्र फार अधिक काळ लागला. पटाने असा भेद कधी मानला नाही. धुळीतल्या वाघाला जेवढी घरे, तेवढीच देवळातल्या वाघालाही.

हा खेळ एकट्या माणदेशाचा नव्हे. तमिळनाडूत तो ‘आडु पुली आट्टम’ या नावाने ओळखला जातो. नेपाळात ‘बाघ-चाल’ या चौकोनी पटावर २५ घरे, ४ वाघ आणि २० बकऱ्या असतात. दूर अमेरिकेत १९७४ साली गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ नावाचा खेळ प्रसिद्ध केला. त्यात मेजाभोवती बसलेल्यांपैकी कोणी योद्धा होतो, कोणी जादूगार. एक जण गोष्ट पुढे नेतो आणि फाशांचे दान अनेक प्रसंगांचा निकाल लावते. तो खेळ खेळलेली तेव्हाची मुले आज म्हातारी होऊ लागली आहेत आणि तीही आपल्या राक्षसांच्या व भुयारांच्या आठवणी हौसेने सांगतात. आटपाडीच्या पोरांना छापील पुस्तक किंवा रंगीत फासे मिळाले नव्हते. तरी घटकाभर दुसरे कोणी होऊन पाहण्याची ओढ दोन्हीकडे एकच होती.

आता जुन्या फरशीवर कोठे गुळगुळीत लाद्या येतात आणि खाली दबलेला पट कोणाच्या ध्यानातही राहत नाही. नातवंडांच्या हाती मोबाइल असतो. तरीही एखादा आजोबा अंगणात कोळशाने त्रिकोण काढतो. नातू आधी वाघ मागतो. वाघ कोणालाही आवडतो. आजोबा निमूटपणे चिंचोके आपल्याकडे ओढून घेतात आणि पहिली शेळी कडेच्या घरात ठेवतात. दुसरी शेळी ते तिच्या अगदी पाठीशी ठेवतात.