आपल्या हाताचे कुंकू

वेणीफणी आणि कुंकूकाजळ ही कामे स्त्रियांच्या इतकी अंगवळणी पडलेली असतात की, ती करण्यास हाताला केवढी करामत करावी लागते हे कधी मनातही येत नाही. करंड्याचे झाकण फिरविण्यास अंगठा आणि तर्जनी यांची घट्ट पकड लागते; मेणाचा ठिपका देण्यास बोटाचे टोक स्थिर लागते; कुंकवाची चिमूट कपाळापर्यंत न सांडता नेण्यास मनगट, कोपर आणि खांदा ह्या तिघांचे एकमत लागते. हात धड असेतो हे सारे दोन मिनिटांचे काम. हात रुसला म्हणजे मात्र त्यातील एकेक हालचाल स्वतंत्र प्रश्न होऊन पुढे उभी राहते.

आमचा हात आमवाताने धरला, त्यास आता नऊ वर्षे झाली. डॉक्टर ह्या दुखण्यास रूमेटॉइड आर्थरायटिस म्हणतात. ते पुरुषांपेक्षा स्त्रियांत दुपटीतिपटीने अधिक आढळते. शरीराची स्वसंरक्षणाची शक्ती आपल्याच सांध्यांच्या अस्तरावर उलटते, सांधे सुजतात, आणि वेळीच औषध न मिळाल्यास बोटे वाकडी होत जातात. आपल्या वैद्यांसही सांध्यांचे असले दुखणे नवे नव्हते. माधवनिदानात आमवातावर स्वतंत्र प्रकरणच आहे. सकाळचा ताठरपणा हे ह्या दुखण्याचे ठळक लक्षण. आमच्या नगरकडे (जिल्ह्याचे नाव २०२४ साली अहिल्यानगर झाले, तरी आमच्या तोंडी नगरच आहे) पौष-माघातील थंडी कडक असते, आणि त्या दिवसांत आमची मूठ दहा वाजेपर्यंत उघडत नाही. नेमके तेच दिवस संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंतच्या हळदीकुंकवाचे!

आमच्या घरी मनुष्यबळास तोटा नाही. दोन सुना आहेत, नात आहे, धाकट्या जाऊबाई आहेत. “आई, तुम्ही बसा, मी लावून देते ना,” असे सूनबाई म्हणतात, आणि त्यात कंटाळ्याचा लेशही नसतो. मग आपल्याच हाताने कुंकू लावण्याचा हट्ट कशाला, असा प्रश्न कोणीही विचारील. त्यातून आपल्या समाजात दुसरीने कुंकू लावणे हा तर मान आहे, कमीपणा नव्हे.

ह्या प्रश्नाचा आम्ही पुष्कळ विचार केला. त्याचे उत्तर हळदीकुंकवाच्या रीतीतच आहे असे आम्हांस वाटते. घरची सुवासिनी आलेल्या स्त्रीच्या कपाळास कुंकू लावते, आणि आलेली स्त्री त्याच करंड्यातील कुंकू उलट तिला लावते. घेणे आणि देणे लागोपाठ होते, म्हणूनच त्यात मान आहे. ज्या बाईच्या बोटांस चिमूट उचलता येत नाही, तिला कुंकू लागते, पण तिच्याकडून कोणास लागत नाही. ती कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसलेली नुसती घेणारी होते. माया कमी होत नाही; पण घरातील जागा मात्र नकळत सरकते. आमचे भांडण होते ते ह्या सरकण्याशी.

दुसरा आक्षेप अधिक सूक्ष्म असतो. “आता ह्या वयात, अशा दुखण्यात, नटून कोणाला दाखवायचे?” हे वाक्य बहुधा सहानुभूतीच्या सुरात येते. परंतु बाईने कपाळी काय लावावे आणि केव्हा सोडावे हे इतरांनी ठरविण्याची खोड आपल्याकडे जुनी आहे. विधवांचे कुंकू पुसण्याची, बांगड्या फोडण्याची चाल बंद करण्याचा ठराव कोल्हापूर जिल्ह्यातील हेरवाड ग्रामपंचायतीने केला तो २०२२ साली, म्हणजे अगदी काल-परवा. तेथे प्रश्न वैधव्याचा होता, येथे दुखण्याचा आहे. पण कपाळ कोणाचे, हा मूळ मुद्दा एकच.

असो. नुसत्या विचाराने झाकण उघडत नाही. त्यास युक्ती लागते. ह्या युक्त्यांचे एक शास्त्रच आहे, आणि त्यास मराठीत व्यवसायोपचार म्हणतात. आपल्या देशात ते रुजविण्याचे श्रेय कमलाबाई निंबकरांस आहे. जन्माने त्या अमेरिकन, माहेरच्या एलिझाबेथ लंडी. विवाहाने मराठी घरात आल्या. १९५० साली मुंबईस परळच्या के. ई. एम. रुग्णालयात त्यांनी हे शास्त्र शिकविणारी शाळा काढली. आपले नित्याचे काम रोग्यास आपले आपण करता यावे, हा त्या शास्त्राचा गाभा होय.

त्यातील तीन तत्त्वे आमच्या फार उपयोगी पडली. पहिले, पकडावयाची वस्तू जाड करावी. जाड दांडा धरण्यास बोटे कमी वाकवावी लागतात आणि जोरही कमी लागतो. एसीच्या तांब्याच्या नळीवर चढवितात तसल्या काळ्या फोमचे तुकडे नातवाने आणले, आणि फणी, काजळाची कांडी व दात घासण्याचा ब्रश ह्यांवर ते चढविले. दुसरे, लहान सांध्याचे काम मोठ्या सांध्याकडे द्यावे. झाकण बोटांनी न फिरविता, डबी ओल्या फडक्यावर ठेवून तळव्याने दाबून फिरवावे. तिसरे, हात हलविण्याऐवजी त्यास टेकू द्यावा. आम्ही दोन्ही कोपरे मेजावर टेकतो, उजव्या मनगटाखाली डावा हात धरतो, आणि हात कपाळाकडे नेण्याऐवजी कपाळच हाताकडे आणतो. आरसा उभा आणि पक्का बसविलेला हवा. हातात धरावयाचा आरसा निरुपयोगी. ह्या साऱ्याआधी कोमट पाण्यात दहा मिनिटे हात बुडवून ठेवले म्हणजे बोटे पुष्कळ मऊ येतात.

कुंकवाचा प्रश्न सोडविला तो एका जुन्या नाण्याने. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, १९४३ पासून, भोकाचा पैसा निघाला होता. तसला एक आमच्या सासूबाईंच्या पेटीत होता. एका चपट्या लाकडी दांडीस तो बसवून घेतला. मेण लावलेल्या कपाळावर पैसा टेकवावयाचा, आणि जाड दांड्याच्या कापसाच्या बोळ्याने भोकातून कुंकू टिपावयाचे. टिकली वाटोळी उमटते, हात कापला तरी बिघडत नाही. त्याच साधनाने आता आलेल्या बायकांसही आम्ही कुंकू लावतो. पहिल्या वर्षी कित्येकींस मौज वाटली. आता कोणी तिकडे पाहतही नाही.

फ्रान्सचा प्रसिद्ध चित्रकार रेन्वार ह्यास हेच दुखणे होते. त्याची बोटे तळहातात वळली होती. कातडीस इजा होऊ नये म्हणून हात फडक्याने गुंडाळीत, आणि कुंचला बोटांत कोणीतरी अडकवून द्यावा लागे. तरीही १९१९ साली मृत्यू येईपर्यंत तो रंगवीत राहिला. कुंचला हाती देणारे दुसरे होते. रंग कोणता आणि कोठे, हे मात्र तोच ठरवी. मदत घेणे आणि काम सोडून देणे ह्यांतील अंतर ह्याहून स्पष्ट करून सांगता येणार नाही.

आम्हीही सगळेच आपल्या हाताने करीत नाही. अंबाडा घालण्यास हात डोक्यामागे न्यावा लागतो. तो खांद्यास पेलत नाही, म्हणून वेणी नात घालते, आणि तेवढ्या वेळात तिच्या शाळेच्या साऱ्या बातम्या आम्हांस कळतात. कोणते काम द्यावयाचे आणि कोणते राखावयाचे, हे ज्याचे दुखणे त्याने ठरवावे, एवढेच आमचे म्हणणे.

ज्यांच्या घरी असे हात असतील, त्या घरच्या लेकीसुनांस एक विनंती आहे. डब्यांची झाकणे सैल ठेवीत जा, वस्तू हाताशी मांडून ठेवीत जा, आणि मग थोडे थांबा. दोन मिनिटांचे काम पंधरा मिनिटे चालेल, टिकली क्वचित एका बाजूस जाईल. विचारल्याखेरीज ती पुसून सरळ करू नका. ज्या बाईने ती लावली, तिला ती तशीच शोभते.