मधला रविवार

कोस गेले, मैल गेले, किलोमीटर आले. पण आमच्या बुधवार पेठेत अंतर अजून मिनिटांतच सांगतात. जोगेश्वरीपासून मंडई किती लांब म्हणून विचारा. 'ही काय, पाच मिनिटांवर!' असेच उत्तर मिळेल. गणेशोत्सवात त्याच पाच मिनिटांचा तास होतो, ही गोष्ट निराळी.

आमच्या वाड्यातल्या ताईआजींनी परवा विचारले, "मास्तर, आमचे चिरंजीव राहतात ते सॅन फ्रान्सिस्को किती लांब हो?"

चिरंजीव पन्नाशीचे, आजी ऐंशीच्या पुढच्या. अप्पा बळवंत चौकातून आणलेला पृथ्वीगोल मी पुढे घेतला आणि मुंबईपासून दोरा ताणून दाखवला. सपाट नकाशावर ही वाट अरबस्तान, युरोप, अटलांटिक अशी जाईलसे वाटते. गोलावर मात्र दोरा उत्तरेला सरकतो आणि सैबेरिया, आर्क्टिक समुद्र, अलास्का करीत खाली उतरतो. तीच सर्वांत जवळची वाट. सुमारे 13,500 किलोमीटर.

2021 च्या जानेवारीत एअर इंडियाच्या महिला वैमानिकांनी सॅन फ्रान्सिस्कोहून बंगळूरला विमान आणले, ते असेच उत्तर ध्रुवावरून. अंतर सुमारे 14,000 किलोमीटर, वेळ सतरा-अठरा तास, वाटेत मुक्काम नाही. 1948 साली याच कंपनीचे 'मलबार प्रिन्सेस' मुंबईहून लंडनला निघाले, तर त्याला कैरो आणि जिनिव्हा येथे उतरावे लागले होते. हे सारे मी मोठ्या उत्साहाने सांगितले.

आजी म्हणाल्या, "विमानाचं राहू द्या. इथून फोन गेल्यापासून तो या उंबऱ्यात उभा राहीपर्यंत किती?"

मग निराळीच बेरीज सुरू झाली. रजा, तिकीट, विमानतळावर तीन तास आधी जाणे, मध्ये विमान बदलावे लागले तर तिथला खोळंबा, मुंबई ते पुणे दीडशे किलोमीटर आणि वर घाटातली गर्दी. शिवाय इकडे येताना घड्याळ साडेबारा तास पुढे करावे लागते, थंडीत साडेतेरा. तिकडून शनिवारी रात्री निघालेला माणूस इथे सोमवारी पहाटे उतरतो.

"दोन-तीन दिवस धरा," मी हळूच म्हणालो.

"आणि मधला रविवार?"

"तो आकाशात जातो."

आजी क्षणभर बोटांवर काहीतरी मोजीत राहिल्या. "तेवढं थांबणं कुणाच्या हातात असतं, मास्तर? त्यापेक्षा मी हिंडती-फिरती आहे तोवर येऊ दे. अंथरुणाला खिळल्यावर बोलावून मी काय त्याला चकल्या करून घालणार आहे?"

त्याच रात्री त्यांनी फोन लावला. इकडे नऊ वाजलेले, तिकडे सकाळचे साडेआठ. एवढ्या अवेळी आईचा फोन, म्हणून चिरंजीव घाबरले. "काय झालं?" हा त्यांचा प्रश्न मला पलीकडे बसल्याबसल्या ऐकू आला.

"काही झालेलं नाही," आजी म्हणाल्या, "म्हणून तर ये."

यंदा नरकचतुर्दशीला वाड्यात एक पाट जास्त मांडायचा आहे.