जामठ्याच्या रिकाम्या खुर्च्या

टोरांटोत हॉकीचा विषय निघाला की १९६७ हे साल निघतंच. मेपल लीफ्सने शेवटचा स्टॅनले कप त्या वर्षी जिंकला. त्यानंतर कप तर नाहीच, अंतिम फेरीसुद्धा नाही. मे २०१३ मध्ये बॉस्टनविरुद्धच्या सातव्या, निर्णायक सामन्यात शेवटच्या सत्रात ४-१ अशी आघाडी होती. ती घालवून लीफ्स जादा वेळेत ५-४ हरले. मे २०२५ मध्ये फ्लोरिडाने सातव्याच सामन्यात, तोही इथे घरच्या मैदानावर, ६-१ ने हरवलं तेव्हा चिडलेल्या लोकांनी अंगातल्या जर्सी काढून बर्फावर फेकल्या. पुढच्या ऑक्टोबरात नवा मोसम सुरू झाला आणि अरीना पुन्हा भरलं. तिकीट एवढं महाग, की पगारदार माणूस दहादा विचार करतो. तरी लोक येतात, आणि आजोबांची सीझन तिकिटं नातवाकडे येतात.

मी वाशिम जिल्ह्यातल्या कारंज्याचा. या शहरात आलो तेव्हा बर्फ परका होता, भाषा परकी होती, पण हे लोक मला लगेच ओळखीचे वाटले. मीही असाच एका संघाचा आहे. विदर्भाचा.

इथल्या मराठी मंडळींत क्रिकेटच्या गप्पा रंगल्या की प्रश्न एकच असतो, मुंबईचे की पुण्याचे? महाराष्ट्रातून रणजीला तीन संघ उतरतात आणि तिसरा आपला, हे सांगावं लागतं. विदर्भ १९५७-५८ पासून रणजी खेळतो आहे. आमच्या लहानपणी संघाचा स्कोअर पेपरच्या क्रीडा पानावर अगदी खाली, बारीक अक्षरात सापडायचा. मुंबईचं शतक वर फोटोसकट, आणि आमचा डाव शेवटच्या दोन ओळींत गुंडाळलेला. वाशिम तेव्हा अकोला जिल्ह्यातच होतं. वेगळा जिल्हा १ जुलै १९९८ ला झाला. कापूस निघाला की काळ्या रानात पोरांचं टेनिस बॉलचं क्रिकेट चालायचं. त्यात प्रत्येकाला सचिन व्हायचं असायचं, विदर्भाचा सलामीवीर व्हायचं कुणालाच नसायचं. रणजीचे एलिट आणि प्लेट असे गट पडल्यावर विदर्भ बराच काळ खालच्या गटात अडकला. वलनीच्या कोळसा खाणीतल्या कामगाराचा मुलगा, उमेश यादव, नोव्हेंबर २०११ मध्ये भारताकडून कसोटी खेळला. विदर्भाच्या संघातून कसोटीपर्यंत पोहोचलेला तो पहिला. इतकी वर्षं आमच्या वाट्याला हे एवढंच होतं.

मग २०१७-१८ चा मोसम आला. भारतात सकाळी साडेनऊला खेळ सुरू होतो तेव्हा हिवाळ्यात टोरांटोत रात्रीचे अकरा वाजलेले असतात, आणि तिथे दिवसाचा खेळ संपतो तेव्हा इथे उजाडायला आलेलं असतं. म्हणजे रणजी पाहायची तर पूर्ण रात्र द्यावी लागते. मी त्या रात्री आनंदाने दिल्या. कोलकात्यात ईडन गार्डन्सवर उपांत्य सामना, समोर कर्नाटक, त्यांना जिंकायला १९८ हव्या होत्या. शेवटच्या दिवशी तीनच विकेट उरल्या होत्या, पण शेपूट हलेना. एकेक धाव कमी होत होती आणि माझ्या पोटात गोळा येत होता. रजनीश गुरबानीने डावात ७ विकेट घेतल्या, कर्नाटक १९२ वर संपलं, पाच धावांनी आम्ही जिंकलो. अंतिम फेरी इंदूरला, दिल्लीशी. तिथे गुरबानीने हॅट्ट्रिक घेतली. रणजीच्या अंतिम सामन्यात ती तोवर एकदाच झाली होती. अक्षय वाडकरने शतक ठोकलं. चौथ्या दिवसाचा खेळ १ जानेवारी २०१८ ला सुरू झाला तेव्हा इथे ३१ डिसेंबरची रात्र होती. शहर फटाके बघायला थंडीत बाहेर पडलेलं, आणि मी दिल्लीच्या विकेट मोजत बसलेलो. पहाटे वसीम जाफरने विजयी फटका मारला. कारंज्याला फोन लावला तर बाबा एवढंच म्हणाले, "जितलो न रे बाप्पा!" साठ वर्षांची वाट त्या एका वाक्यात मोकळी झाली.

पुढच्याच वर्षी नागपूरला सौराष्ट्राला हरवून ट्रॉफी राखली. कर्णधार पुन्हा फैज फजल. या माणसाबद्दल मला फार वाटतं. जून २०१६ मध्ये हरारेला तो भारताकडून एकच एकदिवसीय सामना खेळला, नाबाद ५५ केल्या आणि पुन्हा कधी संधी मिळाली नाही. त्याने ते मनात धरून बसण्याऐवजी विदर्भ घडवला. कोच चंद्रकांत पंडित मुंबईचे, जाफर मुंबईचा. काही जण म्हणतात, बाहेरच्यांच्या जिवावर जिंकलात. मला हे बोलणं पटत नाही. जाफर २०१७-१८ मध्ये व्यावसायिक मानधन न घेता खेळला आणि पुढच्या मोसमात चाळिशीत हजारावर धावा काढल्या. जो आपल्यासाठी असा राबतो तो आपलाच. परक्या शहरात राबणाऱ्या माणसाला तरी हे समजावून सांगायला नको. इंदूरच्या त्या अंतिम सामन्यात दिल्लीकडून आमच्याविरुद्ध १४५ करणारा ध्रुव शौरी नंतर विदर्भात आला. त्याच्या धावांनाही मी मनापासून टाळ्या वाजवतो.

दुखलंही खूप. मार्च २०२४, वानखेडे, अंतिम सामना मुंबईशी. पहिल्या डावात १०५ मध्ये गारद, मग ५३८ चं लक्ष्य. कुणालाही वाटलं असतं, संपलं. पण पाचव्या दिवशी वाडकर आणि हर्ष दुबे यांनी उपाहारापर्यंत एकही विकेट जाऊ दिली नाही. वाडकरचं शतक झालं आणि मी खुर्चीतून उठून उभा राहिलो. होईल, आता होईल! मग वाडकर पायचीत झाला आणि शेवटच्या पाच विकेट १५ धावांत गेल्या. ३६८ सर्वबाद, १६९ धावांनी हार. त्या दिवशी ऑफिसात कुणाशी बोलावंसं वाटलं नाही. शेजारच्या टेबलावरच्या, तीन पिढ्यांपासून लीफ्सच्या असलेल्या सहकाऱ्याने माझ्याकडे एकदा पाहिलं आणि काही न विचारता कॉफी आणून ठेवली.

त्या हारेची भरपाई वर्षभरात झाली. २०२४-२५ च्या उपांत्य फेरीत नागपूरलाच मुंबईला ८० धावांनी हरवलं. दुबेने मोसमात ६९ विकेट घेतल्या, रणजीच्या एका मोसमातला विक्रम. नागपूरच्या जामठा मैदानावरच्या अंतिम सामन्यात केरळविरुद्ध दानिश मालेवारने १५३ केल्या, पहिल्या डावात ३७ धावांची आघाडी मिळाली आणि तिच्या जोरावर २ मार्च २०२५ ला तिसरी ट्रॉफी घरी आली. त्याच उन्हाळ्यानंतर आमच्याकडून खेळलेला करुण नायर कर्नाटकात परतला आणि अमरावतीचा जितेश शर्मा बडोद्याकडे गेला. वाईट वाटलं, पण संघ त्यांच्यामुळे माझा झाला नव्हता, त्यांच्या जाण्याने कमीही होत नाही. अकोल्याचा अथर्व तायडे सलामीला उतरतो तेव्हा तर शेजारच्या गल्लीतला पोरगा बॅट घेऊन निघाल्यासारखं वाटतं.

मला खरं सलतं ते वेगळंच. १९६७ पासून न जिंकलेल्या संघाचं अरीना इथे खच्चून भरतं, आणि २०१७-१८ पासून तीनदा रणजी जिंकलेल्या माझ्या संघाच्या सामन्यात कॅमेरा फिरला की जामठ्याच्या खुर्च्या रिकाम्या दिसतात. अंतिम सामन्याला थोडी गर्दी होते, साखळी सामन्यांना पोलीस आणि माळी. भारताचा सामना असला की तेच मैदान पुरत नाही. जिंकून माणसं येतील असं आम्हाला वाटायचं. जिंकून झालं, आता माणसंच यायची राहिली आहेत. पॅड बांधून बसलेल्या एकोणीस-वीस वर्षांच्या पोराला आपल्या गावाकडच्या लोकांचा आवाज ऐकू यायला हवा. टीव्हीच्या पलीकडून मी कितीही ओरडलो तरी त्याला तो जात नाही.

म्हणून वाशिम, कारंजा, मालेगाव, रिसोडच्या मंडळींना विनंती आहे. समृद्धी महामार्ग आता आपल्याच जिल्ह्यातून जातो आणि कारंज्याहून नागपूर दोन-अडीच तासांवर आलं आहे. रणजीच्या साखळी सामन्याला सहसा तिकीट नसतं. यंदा सोयाबीन घरात आलं, की विदर्भाचा घरचा सामना कधी आहे ते बघा. पोरांना गाडीत घाला, भाकरी-ठेचा बांधून घ्या आणि चार दिवसांतला एक दिवस तरी तिथे जाऊन बसा.