हातभर नळी

तर झालं असं, की दिवाळीनंतरच्या रविवारी आम्ही ओझरच्या विघ्नहराला गेलो होतो. मी, ही आणि आई. शहाडहून निघायचं, मुरबाड, सरळगाव, टोकावडे करत माळशेज चढायचा आणि पलीकडे ओतूरवरून ओझर. येताना तोच घाट उतरायचा. उतरताना पुढच्या सीटवर बसलेली आई म्हणाली, "अरे, काहीतरी जळतंय."

मी म्हटलं, "पुढच्या ट्रकचा वास आहे गं. घाटात असाच येतो."

ट्रक मागे पडला. वास आमच्याबरोबरच राहिला.

गाडी डावीकडे ओढत होती. त्याचा दोष मी रस्त्याला दिला. टोकावड्याच्या अलीकडे ब्रेक दाबला तर पेडल पोकळ लागलं आणि नेहमीपेक्षा बरंच खाली गेलं. दुसऱ्यांदा दाबल्यावर गाडी थांबली. मधल्या त्या सेकंदाबद्दल लिहीत नाही. उतरून बघितलं तर पुढच्या डाव्या चाकाजवळ हात धरवत नव्हता. उजवं नुसतं कोमट.

आईला आणि हिला कल्याणच्या एसटीत बसवलं. मी आणि गाडी टोइंगवाल्याबरोबर शहाडला आलो.

दुसऱ्या दिवशी मिस्त्रींनी गाडी जॅकवर घेतली. चाक हाताने फिरेना. मला वाटलं, कॅलिपरचा पिस्टन अडकला. त्यांनी मागचा ब्लीडरचा स्क्रू जरासा सैल केला. तेल चिर्रकन उडालं आणि चाक मोकळं! म्हणजे पिस्टन बरा होता, दाब आत कोंडला होता. मग त्यांनी मला ब्रेक दाबून सोडायला लावलं. चाक पुन्हा जाम. आता त्यांनी लोखंडी पाइप आणि रबरी नळी जिथे जोडतात तो नट सैल केला. चाक जामच. परत ब्लीडर सैल केला, मोकळं.

"साहेब, वरून दाब सुटला तरी चाक सुटत नाही. मग राहिलं काय? मधली नळी."

नळी बाहेरून ठणठणीत दिसत होती. चीर नाही, फुगवटा नाही, गळती नाही. मिस्त्रींनी ती ब्लेडने उभी चिरून दाखवली. आतलं अस्तर सुटून त्याचा एक पापुद्रा आडवा आला होता. पाय जोरात दाबला की तेल पापुद्रा ढकलून चाकाकडे जायचं. पाय काढल्यावर परतणाऱ्या तेलाला तेवढा जोर नसतो, त्यामुळे ते तिकडेच अडकायचं. मी आपला घाटात ब्रेक लावूनच गाडी हाकत होतो. त्यात ब्रेक ऑइल चार वर्षं बदललेलं नव्हतं. हे तेल हवेतलं पाणी शोषतं. डॉट ३ तेल नवं असताना किमान २०५ अंशांपर्यंत उकळत नाही, पाणी मुरलं की ती मर्यादा १४० च्या आसपास येते. उकळलं की वाफ, आणि वाफ दाबली जाते. पोकळ पेडल ते हेच.

या नळीचं भोक जेमतेम तीन मिलिमीटर. टायरमध्ये आपण तीसेक पीएसआय हवा भरतो, करकचून ब्रेक लावला की या नळीत हजारच्या घरात दाब जातो. तो रबर पेलत नाही, रबराच्या दोन थरांमधली धाग्याची वीण पेलते. रेयॉनचा धागाही त्यासाठी वापरतात, हे कळलं तेव्हा मला बाबा आठवले. त्यांची सगळी नोकरी सेंच्युरी रेयॉनमध्ये गेली. लांबच्या प्रवासात चहाला थांबलो की ते आधी चारही चाकांजवळ उलटा हात धरून बघायचे. आम्ही हसायचो. चहा गार व्हायचा त्यांचा.

नळी बिघडली कशी? वय तर झालंच होतं, गाडीबरोबरची मूळची नळी, चौदा वर्षांची. पण एका गॅरेजात ब्रेक पॅड बदलताना पोराने कॅलिपर काढून नळीवरच लोंबकळत ठेवला होता. तारेने वर बांधायला हवा होता. मी समोर उभा राहून कटिंग पीत होतो.

पुढच्या दोन्ही नळ्या बदलल्या. एकच बदलू नये. बँजो बोल्टचे तांब्याचे वॉशर नवे घातले, जुने पुन्हा बसवले की गळतात. नळीला पीळ पडलेला नाही ना, स्टीअरिंग पूर्ण दोन्हीकडे वळवल्यावर ती कुठे घासत किंवा ताणत नाही ना, ते बघितलं. रंगावर सांडलेलं तेल लगेच पाण्याने धुतलं, नाहीतर रंग उठतो. मग मी आत बसलो. "दाबा... धरून ठेवा... सोडू नका हां..." चारही चाकांतून बुडबुडे संपेपर्यंत हेच चाललं. दर वेळी वरच्या डबीत तेल भरत राहायचं, ती रिकामी झाली की हवा आत आणि सगळं पहिल्यापासून.

एवढ्या सगळ्याचं बिल ओझरच्या खर्चापेक्षा फार नव्हतं.

आता तेल दर दोन वर्षांनी आणि नळ्यांवर दर सर्व्हिसला नजर, असं कॅलेंडरवर लिहून ठेवलंय. पण नजरेवर किती भरवसा ठेवायचा ते कळलंय. म्हणून चहाला थांबलो की मीही चाकांजवळ उलटा हात धरतो. हसणारी आता माझी मुलगी आहे.

आई मात्र अजून एकदाही "मी सांगितलं होतं" म्हणालेली नाही. तेच जास्त लागतं.