वडिलांची फटफटी

सेवानिवृत्त झालो आणि गोठ्याच्या कोपऱ्यात पडलेली वडिलांची फटफटी पूर्ववत् करावी, असे मनाने घेतले. मोटारसायकलला आम्ही तेव्हा फटफटीच म्हणत असू. ती लष्कराने मोडीत काढलेली होती, एवढेच मला ठाऊक होते. टाकीवरील नाव केव्हाच पुसले गेले होते. रॉकेलच्या बोळ्याने सांगाडा घासता घासता मळीखालून ‘डब्ल्यूएम २०’ ही अक्षरे वर आली, तेव्हा मला कोण आनंद झाला! म्हणजे ही बर्मिंगहॅमच्या बीएसए कारखान्याची एम २०! दुसऱ्या महायुद्धात (१९३९–४५) अशा सुमारे १,२६,००० गाड्या घडविल्या गेल्या. ४९६ घन सेंटिमीटरचे एकच सिलिंडर. वेग बेताचा, पण चिवटपणा बैलाचा.

काळ्या रंगाखाली मूळचा खाकी रंगही सापडला. टाकीच्या तळाशी मात्र कथलाचा एक ओबडधोबड डाग होता. कारागीर म्हणाला, “गुरुजी, हे कारखान्यातले काम नव्हे. काढून टाकू?”

मी तो डाग बोटाने चाचपला. टाकी पाण्याने खळखळून धुऊन वडिलांनीच तो दिला होता; ती हलू नये म्हणून मी धरून बसलो होतो.

आता साऱ्या गाडीला खाकी रंग चढला आहे. डाग तेवढा तसाच आहे.