कोरडा दगड

शेफील्डला राहायला आल्यावर मी पहिली गोष्ट शिकलो ती म्हणजे पावसाचा अंदाज बघून घरी बसायचं नाही. बसलो असतो तर वर्षातून जेमतेम वीस दिवस बोल्डरिंग झालं असतं. इथे दिवसभर पाऊस असा कमीच. एक सर येते, थांबते, ऊन पडतं, पुन्हा भुरभुर. या सगळ्यात कोरडा कातळ कुठे सापडेल हे ओळखणं हाच निम्मा खेळ.

यातलं थोडं मला वाईमुळे सोपं गेलं. महाबळेश्वरला वर्षाला ५००० मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि खाली वाईत त्याच्या पाचव्या हिश्श्याइतकाही नाही, हे आम्ही लहानपणापासून बघत आलो. इथेही ढग पश्चिमेकडून येतात आणि पेनाईनच्या डोंगरांवर बरेचसे रिकामे होतात. म्हणून पश्चिमेचा वारा असला की मी पूर्वेकडच्या कड्यांकडे निघतो.

दुसरं म्हणजे वारा. नोव्हेंबरात इथलं ऊन इतकं तिरपं असतं की त्याच्या भरवशावर दगड वाळत नाही. वाळवतो तो वारा. स्टॅनेज हा सुमारे सहा किलोमीटर लांबीचा कडा उघड्या माळावर, पश्चिमेकडे तोंड करून उभा आहे. सर थांबून दोन तास वारा वाहिला तर तिथले बोल्डर वाळलेले सापडतात. जवळच्याच बर्बेज साऊथच्या कोपऱ्यांत मात्र हिरवट शेवाळ असतं, तिथला ओलावा दिवसेंदिवस हलत नाही. आणि अगदीच झोडपून पाऊस असेल तर मिलर्स डेलमधला रेव्हन टॉर. चुनखडीचा, इतका पुढे झुकलेला की पाऊस त्याला शिवतच नाही. पण आठवडाभर पाऊस झाला की डोंगरात मुरलेलं पाणी नेमकं त्याच्याच भेगांतून पाझरायला लागतं. म्हणजे बाहेर ऊन आणि कातळ ओला!

असो. सांगायचं आहे ते २०२२ च्या नोव्हेंबरातल्या एका शनिवारबद्दल.

माझा मित्र मंगळवारी कायमचा पुण्याला परतणार होता. स्टॅनेजवरच्या एका बोल्डरवर तो दोन वर्षं झटत होता. शेवटून दुसऱ्या हालचालीला बोटाच्या एका पेराएवढी पातळ कपची धरायची, तिथेच तो प्रत्येक वेळी पडायचा. शुक्रवारी रात्रभर पाऊस झाला. सकाळी उघडलं, वारा सुटला. साडेअकराला आम्ही क्रॅश पॅड पाठीवर घेऊन पोचलो. कड्याखाली जुनी, अर्धवट टाकून दिलेली जाती अजून पडलेली आहेत. हा दगड जात्यांसाठीच प्रसिद्ध होता. भरड वाळू आणि खडे एकमेकांना चिकटून झालेला.

बोल्डर पांढरट दिसत होता, म्हणजे वरून वाळलेला. मित्र बूट घालायला बसलासुद्धा. मी वर चढून त्या कपचीच्या मागे बोट घातलं. थंड, ओलं. खालची मातीही चिखल झालेली.

आई गच्चीवर कुरडया घालायची तेव्हाची एक गोष्ट आठवली. आम्ही वरून हात लावून "वाळल्या" म्हणून ओरडायचो. ती एक उलटी करून खालून दाबून बघायची आणि म्हणायची, "वरून वाळली म्हणजे वाळली नव्हे."

वाळूच्या दगडाचंही तसंच. पाणी आत शिरलं की कण धरून ठेवणारी पकड सैल होते. पृष्ठभाग तासाभरात वाळतो, आतला ओलावा रेंगाळतो. आपला सह्याद्रीतला बेसॉल्ट ओला झाला तर आपण घसरतो. इथे दगडच तुटू शकतो. टॉवेलने टिपून, चॉक फासून काही होत नाही, नुसती लगदी होते.

मी म्हणालो, "आज नको."

"दोन वर्षं, यार. आणि मी परत कधी येणार?"

"तुटली तर?"

"माझं वजन ती दोन वर्षं झेलतेय."

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. मला खात्री होती का? नव्हती. कदाचित ती तुटलीही नसती. पण मी स्वतः एकदा दुसऱ्या एका कड्यावर अशाच ओलसर दिवशी एक छोटी कपची उपटलेली आहे. पडताना ती माझ्या मुठीतच होती. तिच्याजागी आता पिवळी, भुसभुशीत खोक आहे. माझ्याआधी कितीतरी जणांनी तिला धरलं असेल, माझ्यानंतर कोणी धरणार नाही. ते मी त्याला सांगितलं. तो बराच वेळ बूट हातात धरून बसला. मग बूट पिशवीत टाकले आणि म्हणाला, "चल, चहा."

थर्मासमधला चहा आम्ही एका जात्यावर बसून प्यायलो. फारसं बोललो नाही. मग बाजूच्या एका खरोखर कोरड्या, सोप्या बोल्डरवर चारपाच वेळा चढलो. चार वाजता अंधारायला लागलं. विमानतळावरही तो थोडा घुश्शातच होता. मी आग्रहाने त्याची दोन वर्षं वाया घालवली की काय, असं मला परतताना गाडीत वाटत राहिलं.

पुढच्या जूनमध्ये त्याचा निरोप आला. 'इकडे पावसाळा सुरू. चार महिने सुट्टी. कपची आहे ना?'

त्या रविवारी मुद्दाम गेलो. तीन दिवसांचं ऊन खाल्लेला दगड होता. कपचीच्या मागे बोट घातलं. कोरडी ठणठणीत. फोटो काढून पाठवला. मी स्वतः मात्र तिच्यावर चढून बघितलं नाही. का, ते सांगता येणार नाही.