भिंतीला हात न लावता

आमच्या भाडेकरारात एक कलम आहे. परवानाधारकाने सदर मिळकतीच्या भिंतींना खिळे ठोकू नयेत, छिद्रे पाडू नयेत. करार ऑनलाइन नोंदवताना आधार क्रमांक, अंगठा आणि वेबकॅमेऱ्यासमोरचा घामेजलेला फोटो या गडबडीत हे कलम कोणी वाचत नाही. ते समजतं पहिल्या रात्री, समोरच्या इमारतीच्या जिन्यातला दिवा थेट उशीवर पडतो तेव्हा.

'परवानाधारक' हा शब्द मात्र नीट वाचण्यासारखा आहे. अशा करारात 'भाडेकरू' हा शब्द सहसा टाळतात. १८८२ च्या इंडियन ईझमेंट्स अ‍ॅक्टच्या ५२व्या कलमात परवान्याची व्याख्या आहे. दुसऱ्याच्या मिळकतीत एरवी जे करणं बेकायदा ठरलं असतं, ते करायची मुभा म्हणजे परवाना. आणि त्या मुभेमुळे मिळकतीत कसलाही हितसंबंध निर्माण होत नाही. ११ महिन्यांची गंमत अशी, की एका वर्षाहून जास्त मुदतीचा भाडेपट्टा १९०८ च्या नोंदणी कायद्यानुसार नोंदवावा लागतो, म्हणून ११ महिन्यांची रीत पडली. महाराष्ट्रात १९९९ च्या भाडेनियंत्रण कायद्याने लिव्ह अँड लायसन्सची नोंदणी सक्तीचीच केली, मुदत कितीही असो. तरी ११ चा आकडा काही हटला नाही. मुदत संपल्यावर जागा सोडली नाही, तर दुप्पट दराने भरपाई द्यावी लागते. इतक्या तात्पुरत्या माणसाने भिंतीला भोक पाडू नये, हे तसं तर्काला धरूनच आहे.

पुण्यात नोकरीला लागल्यापासून सहा वर्षांतलं हे माझं चौथं घर. दुसऱ्या घरात पडद्याच्या रॉडसाठी मालकांच्या तोंडी परवानगीने चार भोकं पाडली होती. सोडताना त्याच चार भोकांपायी अख्ख्या खोलीच्या रंगाचे पैसे डिपॉझिटमधून कापले गेले. तेव्हापासून मी भिंतीला हात लावत नाही. एकटी होते तोवर भागलंही. काचांना वर्तमानपत्रं चिकटवून मी आठ महिने काढले. गेल्या वर्षी बाबा गेले आणि आई माझ्याकडे राहायला आली. तिला उजेडात झोप येत नाही, आणि समोरच्या गॅलऱ्यांच्या नजरेत साडी बदलणं तर शक्यच नव्हतं. पहिले काही दिवस ती बाथरूममध्ये साडी नेसून बाहेर यायची, निऱ्या ओल्या झालेल्या असायच्या. तिने तक्रार केली नाही. पाहुण्यासारखी राहत होती.

मग मी हा प्रश्न ऑफिसातल्या एखाद्या बगसारखा हाती घेतला.

सर्वांत सोपे चिकटणारे हुक. त्यांच्या पाकिटावर वजनाची मर्यादा छापलेली असते, पण ती धरली जाते गुळगुळीत, पक्क्या पृष्ठभागासाठी. आमच्या भिंतीला डिस्टेंपर आहे. हात फिरवला तर बोटांना पांढरी भुकटी लागते. अशा ठिकाणी गोंद रंगाला घट्ट धरतो, पण रंग भिंतीला धरत नाही. शिवाय पडद्याचा ब्रॅकेट भिंतीपासून तीन-चार इंच पुढे येतो. भार नुसता खाली ओढत असता तर गोंदाने दाद दिली असती. पुढे आलेला ब्रॅकेट हुकाची वरची कड भिंतीपासून सोलून काढतो, आणि सोलण्यापुढे भले भले गोंद हरतात.

दुसरा उपाय जुना आहे, प्लास्टिकच्या वेष्टनातली स्प्रिंगची तार. आपल्याकडे निम्म्या घरांच्या दारांवर ती अजून दिसते. पण तिलाही दोन टोकांना दोन हुक लागतातच. आणि ती मध्ये झोळ खाते. तार जितकी सरळ हवी तितका ताण वाढवावा लागतो. भार अंगावर असताना पूर्ण सरळ तार हवी असेल तर ताण अनंत लागेल, म्हणजे ती कधीच पूर्ण सरळ होत नाही.

उरला टेन्शन रॉड. एकात एक सरकणाऱ्या दोन नळ्या, आत स्प्रिंग, टोकांना रबर. तो दोन समोरासमोरच्या बाजूंमध्ये अडकवायचा आणि पिळून लांब करायचा. पडदा पेलतं ते फक्त घर्षण. पडदा दोन किलोचा असेल तर एकेका टोकावर एक किलो येतो. घर्षणाचा गुणांक अर्धा धरला, तर प्रत्येक टोकाने निदान दोन किलोच्या जोराने बाजूला दाबलं पाहिजे. पडदा रोज हिसक्याने ओढला जाणार, म्हणून प्रत्यक्षात त्याच्या दुप्पट-तिप्पट. आमच्या खिडकीला आतून ग्रॅनाइटची चौकट आहे. तिथे सोलायला रंग नाही, आणि रॉड काढला की ओल्या फडक्याने पुसायचं. करारातलं कलम शाबूत.

मी रॉड मागवला, सोबत उजेड अडवणारे जाड पडदे. टोकं जागची हलली नाहीत, पण रॉड मधोमध वाकला. यात नवल नाही. सारख्या पसरलेल्या भाराखाली रॉडचा झोळ लांबीच्या चौथ्या घातानुसार वाढतो. बाथरूमच्या अडीच फुटांना जो रॉड सरळ राहील, तोच पाच फुटांना सोळापट वाकेल. लांबी माझ्या हातात नव्हती, खिडकी मालकांची.

हे सगळं मी आईला समजावून सांगत होते. ती म्हणाली, "अगं, मग पडदे हलके लाव की." आणि तिने पलंगाखालची ट्रंक ओढली.

बाबा पाटबंधारे खात्यात होते. दर तीन-चार वर्षांनी बदली, नवं क्वार्टर. भीमानगर, कोयनानगर, मग साताऱ्यातली दोन घरं. त्या क्वार्टरांत भोकांचा प्रश्न नव्हता, कारण ती आधीच्या बिऱ्हाडांनी पाडूनच ठेवलेली असायची. आत शिरल्यावर आई आधी खिळे मोजायची. इथे घड्याळ होतं, इथे देव असणार, हा पाळण्याचा हुक. निघताना आपले खिळे तसेच ठेवायचे, पुढच्याला होतात म्हणून. माझ्या फ्लॅटची भिंत मला कोरी मिळाली आणि कोरीच परत द्यायची आहे, जणू मधल्या काळात इथे कोणी राहिलंच नाही.

ट्रंकेतून तिने जुने सुती पडदे काढले. वर रिंगा नाहीत, नेफा आहे. दोरी, तार, रॉड, काहीही ओवा. प्रत्येक क्वार्टरची खिडकी वेगळ्या उंचीची. आईने कापड कधी कापलं नाही. खालची कड दुमडून टीप मारायची, बदली झाली की उसवायची आणि नव्या मापाने पुन्हा दुमडायची. दुमडीच्या आत राहिलेला भाग उन्हापासून वाचतो. त्यामुळे त्या निळ्या पडद्यांच्या खालच्या बाजूला आता चार पट्टे आहेत, खाली जावं तसा निळा गडद होत जातो. आई बोट ठेवून सांगत होती, हे कोयनेचं, हे साताऱ्याचं पहिलं घर. मी बघत राहिले. सरकारी भिंतींवर आमचं काही उरलेलं नसणार, किती तरी वेळा चुना फिरला असेल त्यांच्यावर. पण ही घरं आई सोबत घेऊन फिरत होती, कापडात.

पडद्यांना आतून जुन्या साडीचं अस्तर लावायचं ठरलं. तेवढ्याने जिन्यातला दिवा अडतो, वजनही माझ्या जाड पडद्यांच्या निम्म्याहून कमी. आम्ही ते रॉडमध्ये ओवून लावून पाहिले. रॉड सरळ राहिला. खाली कापड चार बोटं जास्त होतं. आईने सुई-दोरा घेतला आणि विचारलं, "पक्की टीप घालू का धावदोरा?"

या एका प्रश्नात तिला बरंच काही विचारायचं होतं. फ्लॅट घेणार आहेस का, लग्नाचं काय, आपण इथे किती दिवस आहोत. बाबांनी गावाकडे घेतलेला प्लॉट त्यांच्या आजारपणात विकला गेला, त्याबद्दल आम्ही दोघी बोलत नाही. गृहकर्जाच्या हप्त्याचं कोष्टक माझ्या लॅपटॉपवर दोन वर्षांपासून आहे, पगार वाढला की मी त्यातले आकडे बदलते.

"चार महिने उरलेत कराराचे," मी म्हणाले. "वाढवतील बहुतेक."

"मग धावदोराच घालते," आई म्हणाली, आणि सुईत दोरा ओवून द्यायला सुई माझ्याकडे केली.